साळवे मॅडमकडं राहिलेला जॅक

माझा एक दहा टनी जॅक साळवे मॅडमकडं राहिला तो राहिलाच. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. पण माणूस गेलं म्हणून भांडण मिटतं, असं मी मानत नाही. उलट समोरचं उत्तर द्यायला राहिलं नाही की भांडण जास्तच आंबतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या अंगाला माझं जुन्या सामानाचं यार्ड आहे. चितेगावच्या कारखान्यांतून निघालेल्या मोटारी, साखळ्या, कप्प्या, जॅक हे सगळं मी घेतो आणि विकतो. सुरुवात केली तेव्हा अंगावरचा शर्टसुद्धा मामाचा होता. आज माझ्याशी भाव करायचा म्हटलं की कारखान्यांचे स्टोअरकीपर घरून पोटभर पाणी पिऊन निघतात. मी आवाज चढवतो, वजनकाट्यावर हात आपटतो, उठून जातो, परत येतो. असं करत मी भल्याभल्यांना खाली आणलंय. एका इतिहासाच्या प्राध्यापिकेनं मात्र मला अकरा वर्षं लागोपाठ नागवलं, आणि तेही एक शब्द न बोलता.

त्या पहिल्यांदा आल्या त्या स्कूटीवर. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि पायात पोलिसाचे असतात तसले काळे बूट. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली एक पितळी शिट्टी. मला आधी वाटलं, ट्रॅफिकवाल्या बाई चुकून आत आल्या.

"जय भीम, शेठ. जॅक आहे का?"

"गाडी पंक्चर झाली का मॅडम?"

"गाडी नाही. घर उचलायचंय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. दर तीस सप्टेंबरला त्यांना पोरांसाठी किल्लारीच्या भूकंपाचा एक तास घ्यायचा होता. "ही पोरं भूकंपानंतर जन्मलेली," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या लेखी किल्लारी म्हणजे परीक्षेतल्या दोन ओळी. दोन ओळींनी माणूस ढिगाऱ्याखालून निघतो व्हय?"

आता किल्लारीचं नाव निघालं की माझी जीभ सुटते, हे आमच्या यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. मी आत गेलो आणि कोपऱ्यातला हिरव्या पट्ट्याचा जॅक उचलून त्यांच्यापुढं ठेवला. म्हणालो, "मॅडम, हा साधा जॅक नाय. हा किल्लारीला जाऊन आलाय. मी स्वतः घेऊन गेलतो. गॅरेजात कामाला होतो तेव्हा. ह्याच्यावर तुळई उचलून जिवंत माणूस बाहेर काढलाय आम्ही."

त्यांनी जॅककडं बघितलं. हिरव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं, चांगलं खालपासून वरपर्यंत.

"असं?" त्या म्हणाल्या.

त्या 'असं?'पाशीच मी सावध व्हायला पाहिजे होतं. पण मी भाड्याचं बोलायला लागलो होतो.

"भाडं मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "सामान जसं नेलं तसं परत येईल." एवढं बोलून एका पालथ्या पिंपावर बसल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि समोरच्या लिंबाकडं बघत राहिल्या.

मी म्हणालो, असं कसं चालेल. त्या लिंबाकडं बघत राहिल्या. मी म्हणालो, बरं, कॉलेजचं काम आहे तर अर्धं द्या. लिंबावर एक कावळा बसला, त्या कावळ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, निदान टेम्पोचं तरी द्या. मग मीच म्हणालो, टेम्पो काय, माझाच आहे. पंधरा मिनिटांनी मी भानावर आलो तेव्हा दोन जॅक, चार पहारी, एक दोर आणि माझा टेम्पो असं सगळं फुकटात ठरलं होतं, वर त्यांच्यासाठी चहाही सांगून झाला होता.

त्या गेल्यावर आमचे रफिकभाई, माझ्यापेक्षा वयानं मोठे, वजनकाट्यामागून म्हणाले, "सेठ, बाई बोलतीच नै. ऐसे आदमी से भाव कैसा करना?"

पुढच्या वर्षी मी ठरवलं, आपणही बोलायचं नाही. सव्वा मिनिट टिकलो.

तिसऱ्या वर्षी ड्रायव्हर गावी गेला म्हणून सामान घेऊन मीच कॉलेजात गेलो, आणि तो तास पहिल्यांदा बघितला. तास कसला, दंगा. जिमखान्याच्या हॉलमध्ये सगळे बाक एकावर एक उलटेसुलटे ढिगारा करून रचलेले. पन्नासेक पोरंपोरी भिंतीला टेकून गप्प बसलेली, आणि मॅडमचा पत्ता नाही. मी दारातच थांबलो. तेवढ्यात प्राचार्य कोणातरी पाहुण्याला घेऊन आले. पोरं उभी राहिली नाहीत. प्राचार्यांचा चेहरा लाल.

"काय चाललंय? तुमच्या मॅडम कुठायत?"

कोणी बोलेना. एका मुलीनं तोंडावर बोट ठेवलं. प्राचार्यांच्या! म्हणजे प्राचार्यांकडं बघून स्वतःच्या तोंडावर. ते आणखी भडकले. "अरे, मी विचारतोय—"

बाकांच्या ढिगाऱ्याखालून शिट्टी वाजली. मग आवाज आला, "सर, गप्प राहा जरा. पोरं मला शोधतायत. आणि तुम्ही ज्याच्यावर उभे आहात तो माझा पदर आहे."

प्राचार्य उडी मारून बाजूला झाले. पाहुणे हसू दाबत भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग पूर्ण शांतता. ढिगाऱ्यातून टक टक असा बारीक आवाज येत होता, आणि पोरं फरशीला कान लावून त्या आवाजाच्या मागं सरकत होती. सापडल्या तेव्हा मॅडमच्या केसांत खडू, कोळिष्टकं, आणि चेहऱ्यावर आनंद मावेना. "सहा मिनिटं," त्या घड्याळ बघत म्हणाल्या. "गेल्या वर्षीची पोरं बरी होती. चला, आता बाहेर काढा."

दोन बांबू आणि दोन पोत्यांची डोली केली होती. त्यावर मॅडम आडव्या झाल्या. चार पोरांनी उचललं. मॅडमचं वजन त्यांनी धरलं होतं त्याहून बरंच जास्त निघालं. दाराशी एकाचा हात सुटला आणि मॅडम फरशीवर. पोरं पांढरीफटक. मॅडम छताकडं बघत शांतपणे म्हणाल्या, "मी मेले. आता परत."

तीनदा मेल्या. चौथ्यांदा जगल्या.

त्यांचे नियमही असेच. भूकंपात किती माणसं गेली, हा आकडा त्या तासाला कोणी बोलायचा नाही. एका पोरानं तोंड उघडलं, "मॅडम, साधारण—" की शिट्टी. "आकडा सांगितला की तुझं काम संपतं. मग तू डबा खायला मोकळा. एक माणूस सांग." मग त्या चिठ्ठ्या वाटायच्या. एकेका चिठ्ठीवर एकेक माणूस. रक्ताच्या बाटल्या मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलेली नर्स. ट्रकखाली झोपणारा ड्रायव्हर. भाकरी थापून पाठवणारी शेजारच्या गावची बाई. लष्कराचा जवान. ज्याला जी चिठ्ठी आली ते त्यानं तासभर व्हायचं. "जवान आले ते सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणायच्या, "आणि लई झटले ते. पण त्यांच्या आधी कोण आलं? शेजारचं गाव आलं. नुसत्या हातांनी आलं. ते कोण लिहून ठेवणार?"

मला हे आवडायला लागलं होतं. चिडका माणूस असलो तरी डोळे आहेत मला. मी मागच्या रांगेत बसलो. वाटलं, आता त्या जॅक दाखवतील. हिरव्या पट्ट्याची गोष्ट सांगतील. कदाचित माझ्याकडं हातही करतील. मी शर्टाची कॉलर नीट केली.

त्यांनी जॅक टेबलावर ठेवला आणि गळ्यातली शिट्टी हातात घेतली. ती शिट्टी त्यांच्या अण्णांची. अण्णा म्हणजे वडील, शहराच्या बंबावर फायरमन होते. भूकंपानंतर त्यांची तुकडी तिकडं गेली होती. ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत आहे का हे कळायचं तर वर सगळ्यांनी एकाच वेळी गप्प व्हावं लागतं. पहार थांबवायची, इंजिन बंद, रडणंसुद्धा थांबवायचं. अण्णा शिट्टी वाजवायचे आणि अख्खं गाव श्वास धरायचं.

"आणि अशा वेळी," मॅडम म्हणाल्या, "एक मूर्ख पोरगा होता."

पोरं सरसावून बसली. दर वर्षी ह्या जागी हशा होतो हे त्यांना सीनियर पोरांकडून कळलेलं असावं.

"कुठल्यातरी ट्रकबरोबर जॅक घेऊन आलेला. लाल शर्ट. शिट्टी वाजली, सगळे थांबले. आणि हा एकटा ढिगाऱ्यावर उभा राहून बोंबलतोय. 'माझा जॅक! माझा जॅक कोणी घेतला रे!' खाली माणूस मरतोय आणि ह्याला जॅकची पडलीय. अण्णांनी शेवटी त्याच्या तोंडावर हात दाबला. मग ऐकू आलं. टक. टक टक. खाली गावचा शिंपी होता. कात्रीनं मशीनच्या पायट्यावर ठोकत होता."

हॉल हसत होता. मॅडमनी पोराची नक्कल अशी काही केली होती की मलाही क्षणभर हसू आलं. मग तोंडात मातीची चव आली. चिखलानं भरलेला तो हात मला आठवला. तो कोणाचा होता हे मला तोवर माहीत नव्हतं. मी किल्लारीची गोष्ट हजारदा सांगितली, पण तेवढा हात प्रत्येक वेळी गाळून.

तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. "मॅडम, तो पोरगा कोण होता?"

"नाव अण्णांनी विचारलं नव्हतं." त्या जॅक पुसत होत्या. "जॅकवर हिरवा पट्टा होता म्हणे."

मग माझ्याकडं न बघता जॅक माझ्या हातात दिला. म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून कळलं होतं! माझ्याच यार्डात, माझ्याच पिंपावर बसून, माझाच जॅक फुकटात नेऊन दर वर्षी माझीच फजिती करत होत्या. त्या दिवशी मी चितेगावच्या तीन पार्ट्यांशी भांडलो. तिघांचंही काही चुकलं नव्हतं.

सामान द्यायचं बंद का केलं नाही, असं रफिकभाईंनी विचारलं. बंद केलं असतं तर तो पोरगा मीच, हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून दर वर्षी त्या यायच्या, पिंपावर बसायच्या, लिंबाकडं बघायच्या, आणि मी दात खात टेम्पो भरून द्यायचो.

असं चाललं असतं. पण माझी पल्लवी त्यांच्याच कॉलेजात गेली आणि दुसऱ्या वर्षाला त्यांच्या वर्गात आली.

पल्लवी लहानपणापासून ऐकत आलीय की तिच्या बापानं किल्लारीला माणूस काढला. शाळेत तिनं ह्यावर निबंध लिहिला होता. माझ्याकडं सांगण्यासारखं दुसरं आहे तरी काय? शिक्षण नाही, दिसायला हा असा, आवाज फाटका. तेवढं एक होतं. आणि आता तीस सप्टेंबरला पन्नास पोरांत बसून ती ऐकणार होती, 'एक मूर्ख पोरगा होता.'

मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली खाकी कपड्यातले अण्णा. त्यांचा हात मी ओळखला. पंजा मोठा होता. मॅडमनी चहा ठेवला.

"मॅडम, तो पोरगा मी आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी रिटायर होईपर्यंत तुम्ही बोलताय की नाही. साखर किती?"

"मूर्ख म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"धाडसी."

"नाही परवडत."

भाव सुरू झाला, हे दोघांनाही कळलं. मी खुर्ची पुढं ओढली.

"मेहनती?"

"मेहनती तर सगळेच होते. तुम्हाला वेगळं काय द्यायचं?"

"बरं, भोळा."

"भोळा?" त्या इतक्या हसल्या की चहा उतू गेला. "अकरा वर्षं तुमच्याशी व्यवहार करतेय मी शेठ. भोळा म्हटलं तर तुमचंच गिऱ्हाईक तुटेल. अडाणी म्हणते."

"अडाणी मी आजपण आहे. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"उतावळा."

"नाय जमणार."

"तुम्हीच सांगा मग, का ओरडत होता?"

आणि मग त्यांनी ते केलं. कप हातात धरून खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. मला माहीत होतं हे काय चाललंय. तरी तोंड सुटलंच. सांगितलं, की जॅक माझा नव्हता. तेव्हा गॅरेजच्या उस्तादचा होता, मी तो पुढं त्याच्याकडून विकत घेतला. उस्ताद गणपतीला गावी गेलेला. सकाळी मदतीचा ट्रक दाराशी उभा राहिला, जॅक आहेत का म्हणून. विचारायला कोणी नव्हतं, तर मी दोन जॅक उचलले आणि ट्रकवर चढलो. तिथं पोचल्यावर ह्या हातातून त्या हातात एक जॅक गेला तो दिसेना. उस्ताद हात उचलायला कमी करायचा नाही, आणि नोकरी गेली असती तर मला झोपायला जागा नव्हती. मी गॅरेजातच झोपायचो. शिट्टी वाजली ती मला ऐकूसुद्धा आली नव्हती. मला फक्त जॅक दिसत नव्हता.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. आणि ह्या वेळी ते भाव पाडण्यासाठी नव्हतं, एवढं मला कळलं.

"घाबरलेला," त्या म्हणाल्या.

मला तो शब्द आवडला नाही. पण उठलो असतो तर तोही गेला असता. "घाबरलेला," मी म्हणालो. सौदा झाला.

तीस सप्टेंबरला मी मागच्या रांगेत बसलो. मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. पल्लवीला मिळालेली चिठ्ठी तिनं उघडली, वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. कोणाला कोणती चिठ्ठी द्यायची हे मॅडम आधीच ठरवतात, चिठ्ठ्या फक्त ढवळल्याचं नाटक करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"एक घाबरलेला पोरगा होता," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या उस्तादचा जॅक हरवला होता. जॅक सापडला नाही तर त्याला घर नव्हतं. तो ओरडायला लागला. कसा ओरडला असेल? ऊठ पल्लवी."

पल्लवी उभी राहिली. थोडी घुटमळली. मग दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान पुढं काढली आणि असा काही आवाज लावला की हॉलच्या काचा हलल्या.

"माझा जॅक! कुठं गेला माझा जॅक? एक वस्तू जागेवर राहत नाय इथं! कोणी हात लावला रे माझ्या जॅकला?"

हा पोरगा तिनं कधी बघितलेला नव्हता. पण घरात चष्मा सापडला नाही, चार्जर सापडला नाही की जे ऐकू येतं ते तिला तोंडपाठ होतं. शब्द तेच, फाटका आवाज तोच, शेवटी पाय आपटायची तऱ्हासुद्धा तीच. पोरं बाकावरून खाली पडायची राहिली. आणि हसू ओसरता ओसरता पल्लवीलाच काहीतरी उमगलं. तिचा हात कमरेवर तसाच राहिला. तिनं टेबलावरच्या जॅककडं बघितलं, हिरव्या पट्ट्याकडं, आणि मग मान वळवून मागच्या रांगेत माझ्याकडं.

त्याच क्षणी मॅडमनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि शिट्टी वाजवली.

हॉल गप्प झाला. पंखे बंद केलेले होते. बाहेर कोणीतरी बाइक सुरू केली आणि बंद केली. पल्लवी त्या हातावरून माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं. मग कोपऱ्यातल्या बाकाखालून, ज्याला शिंप्याची चिठ्ठी आली होती त्या पोरानं, टक केलं. टक टक.

तास संपल्यावर पोरं पांगली. मॅडम जिमखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या, जॅक दोन बुटांच्या मधे.

"हा राहू द्या कॉलेजकडं," त्या म्हणाल्या. "कायमचा."

माझं डोकं फिरलं. पण ह्या वेळी मी बोललो नाही. त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसलो आणि समोरच्या सायकल स्टँडकडं बघायला लागलो. त्यांनी बाटली काढली, पाणी प्यायल्या. मी बघत राहिलो. शिपायानं हॉलला कुलूप लावलं, आमच्याकडं बघितलं आणि निघून गेला. एक कुत्रं आलं, जॅकचा वास घेऊन गेलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं येऊन परत गेली. मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

आणि त्या बोलल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा आधी त्या बोलल्या.

"तो शिंपी नंतर अण्णांना भेटायला आला होता. अण्णांच्या मापाचा सदरा शिवून आणला होता, अंदाजानं. बरोबर बसला. तो म्हणाला, आत किती वेळ गेला कळत नव्हतं. हातपाय सोडून दिले होते. वाटलं, आपण मेलोय. मग वर कोणीतरी जॅक-जॅक म्हणून बोंबलायला लागलं. तेव्हा त्याच्या मनात आलं, मेलेली माणसं एवढी भांडत नाहीत. वर कोणीतरी जिवंत आहे. मग त्यानं कात्री चाचपली."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उभा राहिलो.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"अकरा वर्षं?"

"त्याच्या आधीपासून."

"आणि मला मूर्ख म्हणत होता! पोरांना हे का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पुढच्या वेळी पन्नासच्या पन्नास ओरडले असते," त्या म्हणाल्या. "ओरडायला शिकवावं लागत नाही शेठ. गप्प बसायला शिकवताना माझा जन्म गेला." मग बुटाच्या टोकानं जॅकला हलकंच लोटलं. "पण ते बरोबर नव्हतं. अण्णा म्हणायचे, आधी हाक मारायची, मग गप्प व्हायचं. हाकच मारली नाही तर खालच्याला कळणार कसं? मी निम्मंच शिकवलं. निम्मं शिकवायला सोपं होतं, आणि पोरं हसायची. आता मी चालले. राहिलेलं निम्मं तुम्ही शिकवा."

"मी? मी दहावी नापास."

"ओरडता येतं ना?"

त्यांनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि शिट्टी माझ्या हातात दिली. कोमट होती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जॅक मला, ही तुम्हाला. पटतंय का बघा."

मी मान हलवली असावी. नाहीतर मी शिट्टी मुठीत धरून फाटकापर्यंत कसा पोचलो? पल्लवी टेम्पोला टेकून उभी होती.

"पप्पा, तुम्ही घाबरता हे मला माहीतच नव्हतं."

"घाबरायचो."

"बरं." तिनं टेम्पोत डोकावलं. "जॅक कुठाय?"

मी मूठ उघडून शिट्टी दाखवली. तिनं जी नजर टाकली ती मी गिऱ्हाइकांवर टाकतो तसली होती. "पप्पा, दहा टनी जॅकच्या बदल्यात ही?"

पितळेला काय भाव येतो ते मला झोपेतही सांगता येतं. माझं पित्त खवळलं. मी तिथूनच मागं वळलो.

मॅडम पायरीवर तशाच बसल्या होत्या. दोन्ही हात जॅकच्या दांड्यावर, डोळे मिटलेले, मान जराशी एका बाजूला. पुढं दिवाळीनंतर त्या लेकीकडं नांदेडला राहायला गेल्या, आणि तिकडूनच त्या गेल्याचा निरोप आला. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं.

"मॅडम!" मी फाटकातून ओरडलो. सगळ्या आवारात घुमलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त एक बोट वर केलं.

मी तोंड मिटलं. आणि ते बोट खाली येईपर्यंत तिथंच उभा राहिलो, कान देऊन.